आधी अर्थिंग बघा, मग सर्व्हर घ्या

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं : मे महिन्याचा अंक

या खेपेला आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. प्रश्न कॉम्प्युटरचा असतो आणि दुखणं विजेचं असतं. दिग्रसला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे टेबलावर उघडून ठेवलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचा स्वतःचा काही दोष नसतो. दोष असतो भिंतीतल्या सॉकेटमध्ये, गावातल्या डीपीवर म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, नाहीतर डोक्यावरच्या टिनात. त्यामुळे कोणतं मॉडेल घेऊ असं विचारणाऱ्यांनाही मी आधी विजेचंच सांगणार आहे. मृग लागायला फार दिवस उरले नाहीत, आणि यातली निम्मी कामं पहिल्या कडकडाटाआधी उरकायची आहेत.

प्रश्न : सौ. ताईंस नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. गावातल्या जुन्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण, शाळेच्या शतकमहोत्सवाचे फोटो, जुनी दस्तऐवजं स्कॅन करून ठेवली आहेत. सगळं मिळून दीड टीबी. दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क आहेत, त्यातली एक आता लावली की टक्‌-टक्‌ वाजते. दुकानदार म्हणतो चार डिस्कचा तयार सर्व्हर घ्या, म्हणजे एक गेली तरी चिंता नाही. घरी इन्व्हर्टर आहे. काय करू? (पुसद तालुका)

उत्तर : गुरुजी, सर्व्हरचं नंतर बघू. ती वाजणारी डिस्क आत्ताच्या आत्ता काढून ठेवा आणि "एकदा लावून तर बघू" असं कोणी म्हणालं तरी लावू देऊ नका. आतला वाचणारा काटा तबकडीवर जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाहीये, त्याचा तो आवाज. प्रत्येक वेळी वीज दिली की तबकडीवर ओरखडा पडायचा धोका वाढतो. फ्रीजमध्ये ठेवणं, हलकेच ठोकणं, गावातल्या कुणाकडून स्क्रू उघडून घेणं, यातलं काही करू नका. डिस्क धूळविरहित खोलीतच उघडायची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात तशी खोली कुठून आणणार?

त्या डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर आहे का, हे आधी तपासा. असेल तर ती बाजूला ठेवून द्या. नसेल आणि भजनं फक्त तिथेच असतील, तर नागपुरात डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे न्या. खर्च बराच येतो, पण त्या मुद्रणांतले आवाज आता पुन्हा मिळणार नाहीत. तेवढ्यापुरता खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चार डिस्कचा सर्व्हर. दुकानदार म्हणतो ते एका मर्यादेत खरं आहे. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही. पण तुमच्या नातवाने चुकून एक फोल्डर पुसलं तर ते सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसलं जातं. वीज पडली तर चारही एकाच डब्यात, एकाच वायरीवर. दुकान किंवा ऑफिस दिवसभर चालू ठेवायचं असेल त्याला ही सोय लागते. तुम्हाला लागतात त्या वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या प्रती. तीन प्रती असाव्यात : एक चालू यंत्रात, एक घरातच पण वायर काढून गोदरेजच्या कपाटात, आणि एक दुसऱ्या गावात, मुलीकडे किंवा भावाकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी कपाटातली डिस्क काढून तीत नवं भरायचं, कुठलेही चार-पाच फोटो आणि एखादं भजन उघडून बघायचं, आणि परत कपाटात. उघडून बघणं टाळू नका. कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं म्हणजे फाइल नीट उघडेलच असं नसतं.

चालू यंत्र म्हणून तुम्हाला जुना लॅपटॉप पुरेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, तेव्हापासून विंडोज ११ न चालणारे चांगले लॅपटॉप स्वस्तात निघतायत. त्यावर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घ्या. फाइल घरभर दिसाव्यात यासाठी सांबा नावाची व्यवस्था त्यात मोफत मिळते. लॅपटॉपचं मला सगळ्यात आवडतं ते असं की त्याची बॅटरी म्हणजे आतलाच यूपीएस. लाईन गेली तरी यंत्र पडत नाही. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे कीबोर्डच्या खालून उंचवटा आला असेल, तर मात्र ती काढून टाका, वापरू नका.

इथे एक बारकावा आहे, त्यात पुष्कळ लोक फसतात. लॅपटॉपला मोठी, वेगळ्या अॅडॉप्टरवर चालणारी डिस्क लावू नका. लाईन गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क मधेच मरते, लिहिता लिहिता. लहान, अडीच इंची, यूएसबीवरूनच वीज घेणारी डिस्क घ्या, ती लॅपटॉपच्या बॅटरीवर जगते. ती पुष्कळदा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येते. ही पद्धत मधेच वीज गेली तर सावरत नाही. म्हणून या चालू यंत्राची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीवर फॉरमॅट करा. कपाटातल्या आणि मुलीकडच्या डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीवर ठेवा, म्हणजे कोणाच्याही विंडोज कॉम्प्युटरवर उघडतील.

विजेचा हिशेब सोपा आहे. एक वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. लॅपटॉप निवांत असताना साधारण १२ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला नऊ युनिटच्या आत. तुमच्याकडे पडून असलेला जुना डेस्कटॉप ६० वॉट घेईल, म्हणजे महिन्याला जवळपास ४४ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढचा, महाग टप्पा लागतो. ९० युनिट येणाऱ्या घरात हा डेस्कटॉप तुम्हाला थेट त्या टप्प्यात ढकलेल.

इन्व्हर्टरला मागे किंवा बाजूला एक बटण असतं, त्यावर यूपीएस असं लिहिलेलं असतं. ते त्या बाजूला ठेवा, नाहीतर लाईन गेल्यावर इन्व्हर्टर यायला वेळ घेतो आणि तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

आणि जागा. वरच्या मजल्यावर टिनाखाली ठेवू नका. घरगुती हार्ड डिस्कला साधारण ६० अंशांपर्यंतचं तापमान सोसवतं. आपल्याकडे बाहेरच ४५ असताना टिनाखालच्या बंद कपाटात डिस्क तिथवर सहज पोचते. जुन्या मातीच्या भिंतीची खोली असेल तर तीच उत्तम. कुलरच्या थेट झोतातही नको. कुलरची ओली हवा आणि पाण्यातला क्षार मिळून पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर बसतो, तो फुंकून निघत नाही.

प्रश्न : ताई, मी सेवा केंद्र चालवते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला पाय लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर लुकलुकतो. पायाखाली रबरी मॅट टाकली, तर आता लागत नाही. एवढ्यावर चालेल ना? पावसाळ्यात असं होत नाही, उन्हाळ्यातच होतं. (मानोरा तालुका)

उत्तर : नाही चालणार, बाई. मॅटवर उभी तू असतेस, दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या आजी अनवाणी असतात.

होतं काय ते सांगते. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, दोन लहान कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून कॅबिनेटला जोडलेले असतात, विजेतला कचरा अर्थिंगकडे पाठवायला. अर्थिंग जागेवर नसेल तर कॅबिनेटवर अर्धा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण त्याच दिवशी आत एखादी वायर खरोखर कॅबिनेटला टेकली तर सगळे २३० तिथे येतील आणि जायला वाट नसेल. प्रिंटरची यूएसबी लावताना ठिणगी दिसते का? दिसत असेल तर पोर्टही याच कारणाने जळतात.

पावसाळ्यात होत नाही हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस, त्यातच उत्तर आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आकसते, आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. ओल गेली की ती वीज वाहून नेत नाही. घरामागे अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोध. त्यात कोळसा-मीठ भरून किती वर्षं झाली ते घरमालकाला विचार. तोवर रोज संध्याकाळी तिथे बादलीभर पाणी ओत. फरक पडला तर रोग कळला. मग वायरमन बोलावून खड्डा नव्याने भरून घे आणि बोर्डापासून खड्ड्यापर्यंतची वायर कुठे गंजून तुटली नाही ना तेही तपासून घे.

एक मात्र कोणालाही करू देऊ नकोस. सॉकेटमधल्या अर्थच्या भोकात न्यूट्रलचा तुकडा जोडून देणारे लोक आहेत. झिणझिण्या लगेच थांबतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील. असा जोड दिसला तर तिथल्या तिथे काढायला लाव. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच, बसवून घे, तो माणसाचा जीव वाचवतो.

डीपीवरचा न्यूट्रल सुटला तर घरातला व्होल्टेज २३० वरून ४०० च्या जवळ जाऊ शकतो. व्होल्टेज वरखाली झाला की लाईन तोडणारं छोटं उपकरण मिळतं, तेही त्याच बोर्डात बसतं. त्याच फेरीत बसवून घे.

प्रश्न : नमस्कार ताई. संत्र्याचा बगीचा घरापासून ७०० मीटर. विहिरीवरची मोटरची केबल चोरीला जाते म्हणून दोन कॅमेरे लावायचे आहेत. लॅनच्या वायरीचे तीन डबे आणून, मधे मधे खांबावर स्विच ठेवून लाईन ओढावी असा विचार आहे. मुलगा म्हणतो वायरलेस कर. बगीच्यात थ्री फेज येते ती ठरावीक तासच. (वरूड तालुका)

उत्तर : भाऊ, मुलाचं ऐका.

लॅनची तांब्याची वायर एका ओढीत १०० मीटरच चालते. ७०० मीटरला मधे सहा स्विच, सहा ठिकाणी वीज, सहा ठिकाणी मुंग्या आणि पाणी. पण ते एक वेळ सांभाळता येईल. खरी भीती विजेच्या कडकडाटाची. मोकळ्या रानातून गेलेली लांब तांब्याची तार जवळपास कुठेही वीज पडली तरी झटका उचलते आणि सरळ तुमच्या घरातल्या राउटरपर्यंत, तिथून टीव्हीपर्यंत आणून सोडते. दोन इमारतींच्या मधे तांब्याची तार नको, हे मी शेतावरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

दोन वाटा आहेत. एक, फायबर. काच वीज वाहून नेत नाही, आणि फायबरला लॅनच्या वायरीशी जोडणारे साधे मीडिया कन्व्हर्टर २० किलोमीटरपर्यंतचे मिळतात. फक्त आधाराला स्टीलची तार असलेली केबल घेतली तर ती तार घराच्या बाहेरच कापून टाका. फायबर धुऱ्याने, म्हणजे बांधाच्या कडेने, पुरायची असेल तर पाइपात घालून दोन-तीन फूट खोल. वर ठेवली तर रानडुकरं उकरतात आणि उंदीर कुरतडतात. बगीच्यात ट्रॅक्टर फिरत असेल तर मला ही वाट तुमच्यासाठी जड वाटते.

दुसरी, ५ गिगाहर्ट्झच्या बाहेर लावायच्या रेडिओची जोडी. घरावर एक, विहिरीच्या खोलीवर एक. या पट्ट्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. एकमेकांसमोर नजर पोचली पाहिजे, एवढंच सगळे सांगतात. पण ते पुरेसं नाही. लहरी सरळ दोरीसारख्या जात नाहीत, मधे फुगतात. ७०० मीटरच्या मधोमध ही फुगी नजरेच्या रेषेच्या वर-खाली तीन-तीन मीटर असते, आणि तिच्यातला किमान साठ टक्के भाग, म्हणजे जवळपास १.८ मीटर, मोकळा लागतो. संत्र्याची झाडं पाच मीटर धरली तर रेषा जमिनीपासून सात मीटरवरून गेली पाहिजे. घराला स्लॅब असेल तर तिथे अर्धा पाइप पुरेल. विहिरीच्या खोलीवर सहा मीटरचा पूर्ण जीआय पाइप उभा करा आणि त्या पाइपाला स्वतःचं अर्थिंग द्या. मधे कडुनिंब असेल तर रेषा त्याच्या बाजूने काढा. आज पानं कोरडी बघून हो म्हणू नका. ओली पानं ही लहर फार खातात. ऑगस्टमध्ये बगीचा कसा दिसतो ते डोळ्यापुढे आणून जागा ठरवा.

विजेचं गणित : दोन कॅमेरे, रेडिओ आणि लहान स्विच मिळून १५ वॉट धरा. दिवसाला ३६० वॉट-तास. १२ व्होल्ट ७५ अँपिअर-तासाची बॅटरी ९०० वॉट-तास साठवते, पण निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाताशी ४५०, जेमतेम सव्वा दिवस. पावसाळ्यात झड लागली की दोन-तीन दिवस ऊन नसतं, म्हणून अशा दोन बॅटऱ्या आणि २०० वॉटचं पॅनेल. पॅनेल खोलीच्या छतावर, जमिनीवर नको. ज्या चोराला मोटरची केबल लागते त्याला पॅनेलही लागतं.

रेकॉर्डिंगचा डबा घरी ठेवा, विहिरीवर नाही. चोर कॅमेऱ्याबरोबर डबाही नेतो. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतं, दोघांचं ४३. एक टीबीच्या डिस्कवर तीन आठवडे मावतात. कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

खोलीपासून रेडिओपर्यंतची तेवढी वायर बाहेर लावायची काळ्या कवचाची आणि शुद्ध तांब्याची घ्या. डब्यावर काहीही छापलेलं असतं. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे. दोन-तीनदा वाकली की तुटते, आणि कॅमेऱ्याला वायरीतूनच वीज द्यायची असेल तर वाटेतच बरीच खाते.

प्रश्न : प्लॅन २०० एमबीपीएसचा, राउटरजवळ मोबाइलवर पूर्ण मिळतो. वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर मात्र कधीही तपासा, ९४-९५. कंपनीवाले म्हणतात तुमचा कॉम्प्युटर जुना आहे. (दारव्हा)

उत्तर : आकडा ९५ च्या जवळ येऊन अडकत असेल तर पहिला संशय वायरीवर घ्या. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, त्यापुढच्या वेगाला आठही. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट टेकलेली नाही, म्हणून दोन्ही टोकं १०० वर समेट करतात. कनेक्टर उजेडात धरून बघा, आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करून घ्या. त्यानेही झालं नाही तर कॉम्प्युटरचं किंवा राउटरचं लॅन पोर्टच १०० चं असेल. बाहेरून लावायचं गिगाबिट यूएसबी कार्ड मिळतं, त्यासाठी कॉम्प्युटर बदलायचं कारण नाही.

प्रश्न : मुलगा पुण्याला असतो. घरच्या सर्व्हरवरचे फोटो त्याला तिकडून दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडला, पण काही केल्या जोडलं जात नाही. (कारंजा)

उत्तर : राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने तुमच्यासारख्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला आहे. मग तुमचं दार उघडलं तरी वाड्याचं फाटक बंदच राहतं. कंपनीकडून स्थिर आयपी विकत घेता येतो, पण मला तो मार्ग पसंत नाही. दोन यंत्रांमध्ये खाजगी, कुलूपबंद वाट तयार करणारं, वायरगार्ड या तंत्रावर चालणारं टेलस्केल दोन्हीकडे, सर्व्हरवर आणि मुलाच्या फोनवर टाका. घरगुती वापराला मोफत आहे, आणि पोर्ट उघडावा लागत नाही. उघडलेला पोर्ट आत्ता लगेच बंद करा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते इंटरनेटवर उघडे पडलेले आणि कंपनीचाच पासवर्ड असलेले होते म्हणून.

प्रश्न : आम्ही गावात अभ्यासिका चालवतो. मोबाइलला रेंज कधी येते कधी जाते. मुलांना इंटरनेटशिवाय वाचायला काही ठेवता येईल का? एक जुना लॅपटॉप आणि एक राउटर आहे. (कुरखेडा तालुका)

उत्तर : येईल, आणि या अंकातलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच. किविक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो आख्खा विकिपीडिया एका फाइलमधून दाखवतो. २००३ पासून चाललेला मराठी विकिपीडिया आधी घ्या. जागा असेल तर इंग्रजीही, पण चित्रांसह तो १०० जीबीच्याही वर जातो. गडचिरोलीला किंवा नागपूरला कोणी जाणार असेल त्याच्याकडे पेन ड्राइव्ह द्या, आणि तो आधी एक्सफॅटवर फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं, त्याचं वायफाय तेवढं हवं. लॅपटॉपला एक कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१०, त्यावर किविक्सचा सर्व्हर ८०८० पोर्टवर चालू करा, आणि १९२.१६८.१.१०:८०८० असा पूर्ण पत्ता फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. मुलं जोडतील तेव्हा फोन म्हणेल की या वायफायला इंटरनेट नाही, आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारेल. मग पान उघडत नाही आणि सगळे म्हणतात सर्व्हर बंद आहे. म्हणून पत्त्याच्या खाली फळ्यावर हेही लिहा : आधी मोबाइल डेटा बंद करा.